एकवीस दिवसांत दहा किलो? आधी भागाकार करूया

आमच्या दाजींनी गेल्या रविवारी पहाटे साडेपाचला पाहुण्यांच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. त्याआधी तोच मेसेज मला गल्लीच्या, माजी विद्यार्थ्यांच्या आणि गणपती मंडळाच्या ग्रुपवरून येऊन गेला होता. मजकूर थोडक्यात असा : "२१ दिवसांत १० किलो वजन उतरवा. भात आणि भाकरी पूर्ण बंद. सकाळी उपाशीपोटी लिंबू-मध घातलेलं गरम पाणी, रात्री जिऱ्याचं पाणी. चरबी लोण्यासारखी वितळते. रात्रीचं जेवण नाही. व्यायामाची गरज नाही, उलट व्यायामानं भूक वाढते. शुगरच्या गोळ्या आपोआप सुटतात. दहा जणांना पाठवा." खाली सपाट पोटाच्या एका माणसाचा फोटो. तो माणूस कुंदा ही आमची बेळगावची मिठाई खाऊन वाढलेला नाही, एवढं मी खात्रीनं सांगतो.

दाजींना फोन केला. म्हणाले, "मास्तर, तुमचं गणित राहू दे की. आमच्या ऑफिसातल्या एकाचं आठ दिवसांत तीन किलो उतरलंय."

गणित राहू देणं मला जमत नाही. खानापूर तालुक्यात तीस वर्षं पोरांना तेच शिकवलं.

एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी (रोजच्या बोलण्यात आपण त्यांना नुसतं कॅलरी म्हणतो) साठलेल्या असतात. दहा किलोच्या झाल्या ७७,०००. त्याला २१ नं भागा. रोजच्या ३,६६७ आल्या. म्हणजे तुम्ही जेवढं खाता त्यापेक्षा रोज ३,६६७ जास्त खर्च करायच्या. आता खुर्चीवर बसून काम करणारा सत्तर किलोचा माणूस दिवसाला खर्च करतो तो साधारण २,२०० च्या आसपास. त्यानं एकवीस दिवस तोंडात घासही घातला नाही तरी २,२०० गुणिले २१ म्हणजे ४६,२००, भागिले ७,७००, बरोबर सहा किलो चरबी. कडकडीत उपास करून सहा. आणि मेसेजवाला लिंबूपाण्यावर दहा देतोय!

मग ऑफिसातल्या त्या माणसाचे तीन किलो गेले कुठे? ते खरंच गेले, काटा खोटं बोलला नाही. पण गेलं ते बहुतेक पाणी. आपल्या यकृतात आणि स्नायूंत मिळून चारशे-पाचशे ग्रॅम साखर ग्लायकोजनच्या रूपात साठवलेली असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. भात-भाकरी एकदम तोडली की हा साठा आधी रिकामा होतो. दीड-दोन किलो इथंच उतरले. उरलेल्यात रिकामं आतडं, मीठ कमी झाल्यानं गेलेलं पाणी, थोडा स्नायू आणि थोडी चरबी. पुढच्या लग्नात मांडे आणि मसालेभात खाल्ला की त्यातलं बरंचसं तीन दिवसांत परत. तेव्हा तोच माणूस म्हणतो, माझ्या अंगालाच काही लागू पडत नाही.

आठवड्याला अर्धा ते एक किलो हा झेपणारा वेग. फार घाईनं वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. तो फोटोत दिसत नाही.

आता भात. मला खरा राग आहे तो या ओळीचा.

आमच्याकडे माणूस भेटला की मराठीत "जेवलास काय" आणि कानडीत "ऊट आयता" विचारतो. वडगाव-शहापूरच्या शिवारातल्या बासमतीचा वास ज्यांनी शिजताना घेतलाय, त्यांना "भात बंद" हा आहाराचा सल्ला वाटत नाही, शिक्षा वाटते. आणि ही शिक्षा चुकीच्या आरोपीला आहे. शंभर ग्रॅम तांदूळ घ्या, शंभर ग्रॅम जोंधळ्याचं पीठ घ्या, नाहीतर गव्हाचं घ्या; तिन्हींत कॅलरी साडेतीनशेच्या अलीकडे-पलीकडेच. फरक आहे तो चोथ्याचा. जोंधळा, नाचणा चावावा लागतो, पोटात जास्त वेळ राहतो. पॉलिश केलेला तांदूळ लवकर पचतो आणि साखर लवकर चढवतो. म्हणून भाताचा ढीग लहान करा, शेजारी मसुराची आमटी किंवा मटकीची उसळ जास्त घ्या, हा सल्ला योग्य आहे. धान्यात लायसिन नावाचा प्रथिनाचा घटक कमी असतो, तो कडधान्यात भरपूर असतो. आमटी-भात, झुणका-भाकरी या जोड्या आपल्या बायकांनी प्रयोगशाळेशिवाय जमवल्या.

गंमत म्हणजे ज्यांनी भाकरी सोडली त्यांच्या घरी मी काय बघितलं? भाकरीऐवजी तेल लावलेल्या तीन चपात्या. वर "डायट" लिहिलेली बिस्किटं.

हेही खरं की आजोबांचं ताट जसंच्या तसं आपल्याला चालणार नाही. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात गुडघाभर चिखलात वाकून रोप लावणाऱ्या माणसाला भाताचा डोंगर लागायचा, तो जिरायचाही. आपण तो डोंगर ठेवला आणि चिखल सोडला. शाळेला चार मैल चालत जाणारा मी, निवृत्तीनंतर दुधाची पिशवी आणायला स्कूटर काढू लागलो. वजन ८४ झालं तेव्हा भाताला शिव्या देणं मलाही सोपं वाटलं होतं.

मग एका रात्री वही घेऊन बसलो. घरात माणसं चार, महिन्याला तेल पाच किलो. पाच हजार ग्रॅम भागिले तीस भागिले चार, माणशी दिवसाला जवळजवळ ४२ ग्रॅम. तेलाच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरी, धान्याच्या पिठूळ भागाला चार. म्हणजे निव्वळ तेलातून प्रत्येकाच्या पोटात रोज पावणेचारशे. तेल तीन किलोवर आणलं तर माणशी २५ ग्रॅम, रोजच्या दीडशे कॅलरी वाचल्या. महिन्याला अर्धा किलो चरबीचा हिशोब, आणि कुणाच्या पुढ्यातली भाकरी उचलली नाही. हिनं आधी कटावर तवंग नसला तर पातळभाजी कशी दिसणार म्हणून कुरकुर केली. आता पाहुणे आले तरच तवंग.

दुसरी ओळ चहाची निघाली. दिवसाला पाच कप, कपाला दोन चमचे, म्हणजे पन्नास ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. म्हणजे कुंदा, करदंट या मिठायांना हात न लावताच मी दुप्पट गाठत होतो. चहासोबतची खारी आणि मूठभर फरसाण वेगळं. कुंदा मी सोडलेला नाही. दूध तासन्‌तास आटवून, साखर घालून केलेली वस्तू आहे ती, हलकी कशी असेल? पण तो सणाला खाल्ला जातो. रोज पाच वेळा येतो तो चहा.

लिंबू-मधाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. लिंबूपाण्यानं तहान भागते. मोठा चमचाभर मधात साठेक कॅलरी असतात, म्हणजे साखरेचीच बहीण. जिऱ्याचं पाणी आवडत असेल तर प्या. चरबी वितळून कुठे वाहत जात नाही. ती जळते, आणि दहा किलो चरबी जळली तर त्यातले सुमारे ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतात, उरलेल्याचं पाणी होतं. २०१४ साली एका वैद्यकीय नियतकालिकात हा हिशोब छापून आला तेव्हा कित्येक डॉक्टरांनाही नवल वाटलं होतं. म्हणून पोटाला प्लॅस्टिकचा पट्टा बांधून घाम काढणाऱ्यांनाही सांगतो, घामातून जातं ते पाणी आणि मीठ. तांब्याभर पाणी प्यायलं की हिशोब पुन्हा जागेवर. नुसत्या पोटाच्या उठाबशा काढून नुसतं पोटही उतरत नाही. चरबी कुठली आधी काढायची हे शरीर आपल्याला विचारत नाही.

रात्रीच्या जेवणात घड्याळापेक्षा बेरीज महत्त्वाची. सात वाजता लवकर जेवून झोपणाऱ्याला बरं वाटत असेल तर उत्तम. पण दुकान साडेनऊला बंद करून येणाऱ्या माणसाला उपाशी झोपवलं तर तो रात्री अकराला शेवेचा डबा उघडतो. हे मी घरातच बघितलंय, नाव सांगत नाही.

व्यायामाच्या ओळीत मात्र अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्याला उत्तर देणं जास्त अवघड. पाऊण तास झपझप चाललं तर सत्तर किलोच्या माणसाच्या दोनशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात. बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपो मैदानाच्या झाडीत फेऱ्या मारून बाहेर येऊन दोघांत एक प्लेट भजी आणि चहा घेतला की त्या परत आत. रोज सकाळी मी ही मंडळी बघतो, पूर्वी त्यांच्यात बसायचोही. तेव्हा नुसत्या चालण्यानं वजन फारसं उतरत नाही, हे कबूल.

पण त्यावरून "व्यायाम नको" हा निष्कर्ष कसा निघतो? नुसतं कमी खाऊन वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही जातो. चाळिशीनंतर तो तसाही हळूहळू कमी होत असतो. वजन परत चढतं तेव्हा येते ती बहुतेक चरबी. म्हणजे दोन-तीनदा अशी २१ दिवसांची मोहीम केलेला माणूस तेवढ्याच किलोंत आधीपेक्षा दुबळा होऊन बसतो. स्नायू चालते असले की रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न बघता ओढून घेतात, म्हणून जेवणानंतरची शतपावलीही वाया जात नाही. आणि उतरवलेलं वजन टिकवायला तर व्यायामाशिवाय गाडी पुढं जात नाही.

आपल्या भागात हे कुणाला पटवून द्यावं लागू नये. गावोगावी तालमी आहेत. तांबड्या मातीत जोर-बैठका काढणाऱ्या पोराला दूध, बदाम, तूप सगळं पचतं. तोच पोरगा नोकरीला लागला, लग्न झालं, आणि पाच वर्षांनी बसस्टँडवर भेटला तर ओळख पटत नाही. तालीम सुटली, खुराक सुटला नाही. माझा एक विद्यार्थी असाच भेटला. म्हणाला, "सर, आता काय करालोय सांगू? भात सोडलोय." मी म्हटलं, बाबा, भात राहू दे, वीस बैठका काढ.

किती व्यायाम? आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं चालण्यासारखा मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा, असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं मार्गदर्शन आहे. दिवसाला अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस झाला तरी दीडशे भरतात. इथली खरी अडचण पावसाची. जून ते सप्टेंबर छत्री धरून झपझप चालणं होत नाही आणि तेवढ्यात सवय मोडते. मी त्या महिन्यांत घरात सूर्यनमस्कार, जिन्याच्या फेऱ्या आणि भिंतीला हात टेकून जोर काढतो. जमिनीवरचे जोर अजून चारच होतात. पाऊस उघडला की एखाद्या रविवारी येळ्ळूरचा राजहंसगड. गेल्या वर्षी मधे तीनदा बसलो, यंदा एकदा.

गोळ्यांच्या ओळीवर मात्र विनोद करवत नाही. वजन उतरलं की साखर सुधारते हे खरं आहे. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत, जिचे निकाल २०१७ साली आले, वजन उतरवण्याच्या कार्यक्रमात घेतलेल्या मधुमेहींपैकी जवळजवळ निम्म्यांची साखर वर्षभरानं गोळ्यांशिवाय ताब्यात होती. पण ते डॉक्टर आणि परिचारिकांच्या देखरेखीखाली, गोळ्या ठरवून बंद करून. इथं उलट घडतं. माणूस ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेतो किंवा इन्सुलिन टोचतो आणि मेसेज वाचून रात्रीचं जेवण सोडतो. साखर खाली घसरते. दरदरून घाम, थरथर, डोळ्यापुढं अंधारी. आमच्या गल्लीतल्या एक काकू पहाटे मोरीत पडलेल्या सापडल्या. साखर तोंडात घातल्यावर शुद्धीवर आल्या, नशीब. त्यांच्या फोनवर हाच मेसेज होता. तेव्हा गोळी चालू असेल तर जेवणाची वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि गोळी स्वतःच्या मनानं सोडू नका.

उतरवायचं आहे की नाही हेही काट्यावरून ठरवू नका, शिंप्याची फीत घ्या. आपल्याकडच्या माणसांसाठी कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० च्या वर गेली की सावध व्हायचं. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, असे खूप आहेत आपल्यात, आणि ते वजनकाट्यावर पास होतात. माझं स्वतःचं तेरा महिन्यांत आठ किलो उतरलं, त्यातले दोन लग्नसराईत परत आले. कंबर मात्र ९९ वरून ९२ वर आहे. अजून नापास.

हे सगळं मी दाजींना ग्रुपवर न लिहिता घरी जाऊन, वही उघडून दाखवलं. ताईनं तेलाचं पान दोनदा वाचलं. दाजी गप्प होते, मला वाटलं पटलं. काल पहाटे साडेपाचला ग्रुपवर नवा मेसेज आला : "१५ दिवसांत १२ किलो." मी अंथरुणातच भागाकार केला, रोजचे ६,१६०. उत्तर टाइप करणार, तेवढ्यात खाली दाजींचीच ओळ आली : "मास्तर, मी केलंय गणित. जमत नाही. पुढं पाठवलंय फक्त."