घरी विचारणारी मुलं परावलंबी नसतात

बारावीचा निकाल लागून पुण्यातल्या कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरू लागतो. पालकांच्या ग्रुपवर येतो, सोसायटीच्या ग्रुपवर येतो, प्राध्यापकांच्या ग्रुपवरही येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पाश्चात्त्य मुलं अठराव्या वर्षी घर सोडतात आणि स्वतःचे निर्णय स्वतः घेतात, कारण स्वतःचं नेतृत्व करणं त्यांच्या संस्कृतीतच आहे. आपली मुलं ऊठसूट घरी विचारतात, म्हणून ती कायम कुणाच्या तरी मागेच चालणार. त्यावर उपायही दिलेला असतो. मुलांना पहाटे पाचला उठवा, घरी विचारायची सवय मोडा आणि दोन दिवसांच्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिराला पाठवा.

मी पुण्यात पदवीच्या वर्गांना शिकवते. या मजकुराचा सगळ्यात जास्त त्रास गावाकडून आलेल्या, आधीच बुजलेल्या मुलांना होतो, म्हणून त्याला मुद्देसूद उत्तर द्यायलाच हवं.

पहिला मुद्दा, ‘त्यांच्या संस्कृतीतच आहे’. स्वनेतृत्वाची कल्पना चार्ल्स मांझ या अमेरिकी अभ्यासकाने १९८०च्या दशकात मांडली, तीही नोकरदारांसाठी. साहेब डोक्यावर उभा नसताना माणूस स्वतःकडून काम कसं करून घेतो, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तरात तीन गोष्टी आल्या: स्वतःच्या वागण्यावर नजर ठेवून ध्येय ठरवणं, कामातच गोडी शोधणं आणि मनातले खचवणारे विचार तपासून बदलणं. या तिन्ही गोष्टी सरावाने येतात. तिकडच्या मुलांना त्या उपजतच येत असत्या, तर तिकडच्याच विद्यापीठांत त्या शिकवाव्या लागल्या नसत्या.

आणि आपल्याकडे काय कमी होतं? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, तिचं ब्रीदच ‘स्वावलंबी शिक्षण’. काम करून शिकलेल्या मुलांच्या पिढ्या त्यातून घडल्या. पुणे विद्यापीठातही ‘कमवा आणि शिका’ योजना आहे. सकाळी ग्रंथालयात किंवा बागेत काम आणि मग तास, असं वेळापत्रक सांभाळणाऱ्या मुलाला स्वतःला चालवता येत नाही, असं कोण म्हणेल?

दुसरा मुद्दा, घरी विचारण्याचा. मला सगळ्यात जास्त खटकतो तो हाच. बॅरी झिमरमन आणि मॅन्युएल मार्टिनेझ-पॉन्स यांनी १९८६ साली अमेरिकेतल्या हायस्कूलच्या मुलांना विचारलं, तुम्ही अभ्यास कसा करता? स्वतःच्या अभ्यासाची सूत्रं हातात ठेवणारी मुलं जे मार्ग वापरतात, त्यांची त्यांनी यादी केली. मित्रांची, शिक्षकांची आणि मोठ्यांची मदत मागणं हेही त्या यादीत आहे. म्हणजे ज्यांचा दाखला देऊन विचारणं बंद करायला सांगितलं जातं, त्यांच्याच संशोधनात विचारणं हे कौशल्य ठरलं आहे.

शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा १९९९चा अभ्यासही इथे आठवतो. सात ते नऊ वर्षांच्या मुलांना शब्दकोडी सोडवायला दिली होती. गोऱ्या अमेरिकी मुलांनी स्वतः निवडलेली कोडी जास्त सोडवली, तर आशियाई वंशाच्या मुलांनी आईने निवडून दिली आहेत असं सांगितलेली कोडी सगळ्यात जास्त सोडवली. ती लहान मुलं होती, त्यामुळे हा निष्कर्ष जसाच्या तसा कॉलेजच्या मुलांना लावू नये. पण घरच्यांचा हात लागला की मुलाची उमेद मरते, हे विधान त्यापुढे टिकत नाही.

माझ्या वर्गात लातूरकडची एक मुलगी होती. विशेष विषय निवडायच्या वेळी तिने वहीत दोन रकाने आखले, संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र. वडिलांना फोन केला, मामांना केला, हॉस्टेलवरच्या सीनियर ताईला गाठलं. प्रत्येकाचं म्हणणं तिने त्या त्या रकान्यात लिहिलं. मामांच्या सल्ल्यापुढे शेरा होता, ‘पटलं नाही, मामांना फक्त बँकेची परीक्षा दिसते’. खाली निर्णय आणि तारीख. तिघांना विचारूनही निर्णय पूर्णपणे तिचा होता. विचारूच नको असं तिला सांगितलं असतं, तर रकाने निम्मे रिकामे राहिले असते.

अर्थात, काही घरांत विचारणं म्हणजे परवानगी मागणं असतं, आणि मुलींच्या बाबतीत ते जास्तच. तिथे बदल व्हायलाच हवा. पण तो पालकांनी करायचा आहे, त्याचं खापर मुलांच्या स्वभावावर फोडू नये.

पहाटे पाचबद्दल फार लिहायला नको. या वयात झोपेची नैसर्गिक वेळच पुढे सरकलेली असते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी दाखवलेला मार्ग जास्त उपयोगी आहे: ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं आधीच ठरवून ठेवणं. ‘मेसवरून आले की फोन कपाटात ठेवून थेट अभ्यासिकेत जाईन’, असं ठरवलेली मुलगी ‘उद्यापासून खूप अभ्यास’ म्हणणारीपेक्षा पुढे जाते.

एक मुद्दा मजकुरात नसतो, पण शिबिरवाले तो हमखास काढतात: स्वनेतृत्व मोजणाऱ्या परदेशी प्रश्नावलीत आपल्या मुलांना गुण कमी पडतात. मुळात प्रश्नावली कुणाला समोर ठेवून बनवली, हे आधी पाहावं. जेसी हो आणि पॉल नेस्बिट यांनी २००९ साली चिनी संदर्भासाठी ही मोजपट्टी सुधारली, तेव्हा नात्यांतून मिळणारं समाधान आणि इतरांचा विचार घेऊन स्वतःची मतं तपासणं, हे त्यांना नव्याने घालावं लागलं. पुण्यात तर आफ्रिकेतली, अफगाणिस्तानातली मुलं मराठवाड्यातल्या मुलांशेजारी बसतात. सगळ्यांना एकच पट्टी कशी लावणार?

राहिलं शिबिर. दोन दिवसांत सवय लागत नाही. त्यापेक्षा कॉलेजांनी पहिल्याच सत्रात एक काम असं द्यावं, ज्याचा विषय, टप्पे आणि तारखा विद्यार्थ्यानेच ठरवायच्या. कुणाकुणाला विचारलं आणि कुणाचं का पटलं नाही, तेही त्यात लिहायचं. आणि तारीख चुकली, तर गुण कापण्याआधी ती का चुकली, हे त्याच्याकडूनच लिहून घ्यावं.