बीपीची गोळी आणि हिरड्या: खुलासा

'अ‍ॅम्लोडिपिनने हिरड्या सडतात, गोळी आजच बंद करा' असा मेसेज फिरतोय. त्यात अर्धंच खरं आहे. ही गोळी पेशींवरची कॅल्शियम चॅनेल्स, म्हणजे कॅल्शियम आत शिरायच्या वाटा, अडवते. रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी उतरतं. हिरडीच्या पेशींतही कॅल्शियम कमी शिरलं की जुनं कोलॅजन (हिरडीला बांधणी देणारं प्रथिन) मोडणं मंदावतं, असं मानलं जातं. म्हणून काहींच्या हिरड्या वाढतात, सडत नाहीत. याच गटातल्या निफेडिपिन या गोळीने हे जास्त होतं. यात लपवलेलं काही नाही, औषधाच्या माहितीपत्रकातही हा दुष्परिणाम असतो. फिटवरच्या फेनिटॉइनबाबत तर १९३९ पासून नोंद आहे. दातांवर कीटण असेल तर वाढ अधिक, तेव्हा आधी दातांची सफाई करून घ्या. गोळी बदलायची का, ते डॉक्टर ठरवतील. मनानेच बंद केली तर बीपी पुन्हा चढेल. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.