यो-यो मा यांनी शास्त्रीय वादन सोडलं? तारखा काय सांगतात

चेलो म्हणजे गजानं वाजवायचं, व्हायोलिनच्या कुळातलं मोठं वाद्य. अमेरिकन चेलोवादक यो-यो मा यांच्याबद्दल एक मत बरंच फिरत असतं. लहानपणीच राष्ट्राध्यक्षांसमोर वाजवायला मिळालं, मग पुढची वाट आयतीच होती. नव्वदच्या दशकात ते सिनेमा, टँगो आणि लोकसंगीताकडे वळले आणि पाश्चात्त्य शास्त्रीय वादन मागे पडलं. जे शास्त्रीय वाजवतात तेही तेच ते जुनं. आणि ओबामांच्या शपथविधीला तर त्यांनी सरळसरळ फसवणूक केली. पाश्चात्त्य संगीत आवडीनं ऐकणारी माणसंही हे सगळं एका दमात बोलून मोकळी होतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आयती वाट. नोव्हेंबर १९६२ मध्ये, वयाच्या सातव्या वर्षी, संगीतकार-संचालक लेनर्ड बर्नस्टाइन यांच्या कार्यक्रमात त्यांनी राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्यासमोर चेलो वाजवला, हे खरं आहे. त्याआधीचं मात्र कुणी सांगत नाही. पॅरिसमध्ये, चौथ्या-पाचव्या वर्षी, वडील त्यांच्याकडून जुना जर्मन संगीतकार बाख याच्या रचनेतले रोज फक्त दोन बार, म्हणजे तालाची दोन छोटी आवर्तनं, पाठ करून घेत. दुसऱ्या दिवशी पुढचे दोन. लहान मुलाला झेपेल एवढाच घास, पण तो चुकवायचा नाही. नवव्या वर्षापासून न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या संगीतशाळेत चेलोवादक लेनर्ड रोझ यांची तालीम सुरू झाली. मैफलींची दारं उघडी असतानाही ते हार्वर्डला गेले आणि १९७६ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडले. दोन वर्षांनी एव्हरी फिशर हा शास्त्रीय वादकांसाठीचा मानाचा पुरस्कार मिळाला आणि लगेच, १९८० मध्ये, पाठीच्या कण्याचा बाक सरळ करण्यासाठी मोठी शस्त्रक्रिया करावी लागली. नसांना धक्का बसला असता तर वादन तिथेच संपलं असतं. त्यानंतर कित्येक महिने छाती-पाठ प्लास्टरमध्ये. याला आयती वाट म्हणायला माझी तयारी नाही.

शपथविधीचा मुद्दा लवकर संपतो. २० जानेवारी २००९ रोजी वॉशिंग्टनमध्ये मा, व्हायोलिनवर इट्झाक पर्लमन, पियानोवर गॅब्रिएला मोंतेरो आणि क्लॅरिनेटवर अँथनी मॅकगिल यांनी संगीतकार जॉन विल्यम्स यांची रचना वाजवली. लोकांना लाउडस्पीकरवर आणि टीव्हीवर ऐकू आलं ते दोन दिवस आधीचं ध्वनिमुद्रण होतं. कारण साधं होतं. पारा शून्याखाली होता. अशा थंडीत धातूच्या तारा आकसून सूर चढतो आणि क्लॅरिनेटचा सूर उतरतो, म्हणजे चौघांनी कितीही जुळवून सुरुवात केली तरी वाद्यं उलट दिशांना सरकणार. शिवाय तार तुटण्याची भीती वेगळीच. आयोजकांनी हे काही दिवसांतच जाहीर सांगितलं, वादकही त्यावर उघडपणे बोलले. ध्वनिमुद्रणही त्याच चौघांचं होतं. आधी सांगायला हवं होतं, एवढी तक्रार रास्त आहे. यापलीकडे फसवणूक मला दिसत नाही.

'तेच ते जुनं' हा आरोप सर्वांत कच्चा. १९९४ या एका वर्षात जॉन विल्यम्स आणि क्रिस्टोफर राउज या दोघा संगीतकारांचे नवे चेलो कॉन्चेर्टो, म्हणजे एकल चेलो आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीच्या मोठ्या रचना, त्यांनी पहिल्यांदा लोकांसमोर आणले. २००१ मध्ये शिकागो सिंफनी या ऑर्केस्ट्रासोबत, डॅनिएल बॅरनबॉइम यांच्या संचालनाखाली, संगीतकार एलियट कार्टर यांचा कॉन्चेर्टो. कार्टर तेव्हा ब्याण्णव वर्षांचे होते आणि त्यांचं संगीत पहिल्या ऐकण्यात कुणालाही शरण येत नाही. सुरुवातीलाच चेलो जवळजवळ एकटा बोलत राहतो, ऑर्केस्ट्रा मधूनमधून ठोसे दिल्यासारखा येतो, गुणगुणावी अशी धून हाताला लागत नाही. लोकप्रियतेच्या मागे लागलेला माणूस असलं काम अंगावर घेत नाही. २०१७ मध्ये पुन्हा शिकागोतच एसा-पेक्का सालोनेन यांचा कॉन्चेर्टो, तेव्हा मा एकसष्ट वर्षांचे होते. नव्या कॉन्चेर्टोची संहिता हातात येते तेव्हा ऐकायला एकही ध्वनिमुद्रण नसतं. बोटं कुठे, गज कुठे उलटवायचा, सगळं पहिल्यापासून शोधायचं असतं.

आता मुख्य आरोप, शास्त्रीय सोडल्याचा. टँगोचा अल्बम आला, चिनी संगीतकार टॅन डन यांच्या चित्रपटसंगीतात चेलो वाजला, अमेरिकन फिडलवादकांबरोबर (फिडल म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन) मैफली झाल्या. त्यातलं काही मला फार गोड आणि पातळ वाटतं, ते मी मुद्दाम ऐकत नाही. पण हा ओढा बाजारानं लावलेला नाही. हार्वर्डमध्ये त्यांनी मानववंशशास्त्राचे वर्ग केले होते. पुढे ते कलाहारी वाळवंटातल्या लोकांचं संगीत ऐकायला तिकडे गेले. १९९८ मध्ये त्यांचा सिल्करोड हा वेगवेगळ्या देशांतल्या वादकांचा उपक्रम उभा राहिला, त्यात केमांचे या इराणी गजवाद्यावर कैहान कल्होर, पिपा या चिनी तंतुवाद्यावर वू मान, तबल्यावर संदीप दास. तिथे संगीतकारांकडून नव्या रचना मुद्दाम लिहून घेतल्या गेल्या. तयार धुनांना चेलोची फोडणी देण्याचा तो उद्योग नव्हता.

आणि हे चालू असताना बाख कुठे होता? एकट्या चेलोसाठीचे त्याचे सहा सुइट, म्हणजे अनेक छोट्या भागांच्या रचना, त्यांनी तीनदा ध्वनिमुद्रित केले. पहिली खेप तिशीच्या आत आली, दुसरी १९९८ मध्ये, म्हणजे सिल्करोडच्याच वर्षी, आणि तिसरी २०१८ मध्ये. साथीला कुणी नाही, चार तारा आणि एकाच ओळीतून दोन-तीन आवाजांचा भास उभा करायचा. प्रत्येक सुइटचे सहा भाग, एकूण छत्तीस. म्हणून २०१८ पासून सहा खंडांतल्या छत्तीस ठिकाणी सहाही सुइट एका बैठकीत वाजवायचे ठरले. अडीच तासांच्या आसपास एकट्यानं, साठी ओलांडल्यावर. जानेवारी २०१९ मध्ये त्यातली एक मैफल मुंबईत झाली.

बेथोव्हनचंही तसंच. पियानोवादक इमॅन्युएल ॲक्स यांच्यासोबत बेथोव्हनचे चेलो-पियानोचे सोनाटा, म्हणजे दोन वाद्यांसाठीच्या रचना, त्यांनी ऐंशीच्या दशकात ध्वनिमुद्रित केले होते. त्याच जोडीनं ते पुन्हा वाजवले आणि नवा संच २०२१ मध्ये आला. ज्यांना मा यांनी शास्त्रीय सोडलं असं वाटतं, त्यांनी ते नेमकं कोणत्या वर्षी सोडलं एवढं सांगावं.