मझल क्रूर आहे म्हणणाऱ्या ताईंना उत्तर

ताई, कुत्र्याला डॉक्टरकडे नेण्याआधी घरीच मझलची, म्हणजे तोंडाला लावायच्या मुसक्याची, सवय लावा असं मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या कुत्र्याच्या तोंडाला मुसकं बांधणं ही क्रूरता आहे, आणि ज्याला मझलशिवाय कुत्रा तपासता येत नाही तो डॉक्टर कसला, असं तुम्ही लिहिलंय. तुमचा राग मला कळतो, कारण आपल्याकडे इंदुरात बऱ्याच लोकांनी मझल पाहिलेला असतो तो फक्त क्लिनिकच्या टेबलावर, दोघांनी दाबून धरलेल्या कुत्र्याच्या तोंडावर करकचून आवळलेला कापडी पट्टा नाहीतर बँडेजची गाठ. ते बघून कुणालाही वाईटच वाटेल.

पण मी लिहिलं होतं ते जाळीच्या, म्हणजे बास्केट मझलबद्दल. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो त्यानेच मुख्यतः त्याचं अंग थंड होतं. कापडी मझलमध्ये तोंडच उघडत नाही, त्यामुळे तो मिनिट-दोन मिनिटांपुरताच ठीक, मे महिन्याच्या चाळीस-बेचाळीस डिग्रीत घाबरलेल्या कुत्र्याला तो घालून बाहेर बाकावर नंबरची वाट बघत बसणं खरंच धोक्याचं आहे. बास्केटमध्ये तो धापा टाकतो, पाणी पितो, जाळीतून पनीरचा तुकडाही खातो. दिसायला भयंकर दिसतो हे मान्य, पण कुत्र्याला सोयीचा तोच.

आता डॉक्टरचं. चांगल्या डॉक्टरच्या हाताने फरक पडतो, नक्की पडतो, पण दुखण्यापुढे कुणाचंच चालत नाही. आमच्या गल्लीतला एक लॅब्रॅडॉर, लहान पोरं अंगावर लोळायची तरी कधी गुरगुरला नाही, तो स्कूटरखाली आला, मागचा पाय मोडला आणि उचलायला गेलेल्या दादाच्याच तळहातात त्याने दात रुतवले. मग जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, रेबीजची इंजेक्शनं सुरू करा, आणि तोवर इकडे कुत्रा तसाच विव्हळतोय. त्या कुत्र्याला मझलची सवय असती तर दादाचा हात वाचला असता आणि एक्सरेही लवकर निघाला असता. शिवाय डॉक्टर निर्धास्त असला की कान आतपर्यंत नीट बघतो, दाबून धरायला चार माणसं लागत नाहीत.

क्रूरता कुठे आहे सांगू? आयुष्यात पहिल्यांदा मझल चढतो तोच नेमका दुखत असतानाच्या दिवशी, परक्या माणसांच्या हातून, त्यात. म्हणून तर घरी, सगळं छान चाललेलं असताना शिकवायचं. मझलच्या आत टोकाला थोडा चक्का लावायचा आणि मझल नुसता समोर धरायचा. त्याच्या तोंडावर न्यायचा नाही, त्यानेच नाक आत घालायचं, चाटायचं, मनात आलं की बाहेर काढायचं. थोड्या दिवसांत मझल दिसला की शेपटी हलते आणि मिशांना चक्का लागलेलं तोंड परत आत जातं, तेव्हा पट्टा मानेमागे नुसता टेकवायचा, मग लावायचा, लगेच सोडायचा, मग हळूहळू वेळ वाढवायची. बकलचा तो टक् आवाज कानाजवळ झाला की बरेच कुत्रे दचकतात, त्यामुळे आधी लांबून आवाज ऐकवून खाऊ द्यायचा. पंजाने ओढायला लागला तर आपण घाई केली, एक पायरी मागे यायचं. रागावायचं अजिबात नाही.

आणि हो, भुंकणं बंद करायला किंवा घरी एकटं ठेवताना मझल घालणाऱ्यांचा मलाही तुमच्याइतकाच राग येतो. गुरगुरला म्हणून फटका देणाऱ्यांचाही, कारण गुरगुरणं म्हणजे तो आधी सांगतोय, ते दाबलं की पुढच्या वेळी न सांगता चावू शकतो.

तुमच्या कुत्र्याला क्लिनिकमधल्या मझलची धास्ती आधीच बसली असेल तर अगदी वेगळ्या दिसणाऱ्या मझलने पहिल्यापासून सुरू करा. घेताना तोंड पूर्ण उघडतंय ना आणि नाक पुढे टेकत नाही ना, हे बघा. पग वगैरे चपट्या तोंडाचा असेल तर साधा मझल बसत नाही, आधी डॉक्टरांना विचारा. आणि जायच्या दिवशी फोन करून सांगा की नंबर येईपर्यंत आम्ही बाहेर गाडीतच एसी लावून थांबतो, बहुतेक डॉक्टर आनंदाने हो म्हणतात.