पाणी बघायला या, आणि गाडी घेऊनच या

जुलै लागला की आम्हा नदीकाठच्या लोकांना "कसं काय, बरं हाय का?" असं कुणी विचारत नाही. "किती फूट?" एवढंच विचारतात. अकरा महिने ज्याला आमची गल्ली कोल्हापुरात नेमकी कुठं आहे हे ठाऊक नसतं, तोही फोन करून आम्हालाच पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी सांगतो. यंदाही पाणी येऊन गेलं. चिखल अजून नखांत आहे आणि गाद्या अजून गच्चीवर वाळताहेत. तेव्हा पुराची तयारी कशी करावी यावर चार शब्द सांगायचा अधिकार मला आहे, असं मी समजतो.

पहिली गोष्ट, आकडे पाठ करा. 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे, एकेका दरवाज्यातून 1428 क्युसेक. कितवा दरवाजा कधी उघडला, कधी मिटला, सगळं तोंडावर हवं. चहाच्या गाड्यावर उभं राहून हे आकडे फेकले की ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस पाटबंधारे खात्यात असणार. फक्त एक आकडा चुकूनही शोधू नका: बंधाऱ्यावर किती फूट झालं की तुमच्या स्वतःच्या पायरीला पाणी लागतं? तो कळला तर आदल्या दिवशीच सामान हलवता येईल आणि रात्री दोनच्या पळापळीतली सगळी मजा जाईल. आमच्या आईला तो पाठ आहे. पायरीला 45. यंदा पहिल्यांदाच तिचा आकडा चुकला. का चुकला, ते पुढं येईलच.

कागदपत्रं ट्रंकेत ठेवा आणि ट्रंक कॉटखाली ठेवा. पुराला वाकून शोधायला लागू नये. रेशन कार्ड, आधार, प्रॉपर्टी कार्ड, आजोबांच्या काळातलं खरेदीखत, सगळं एकत्र. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकायचा उद्योग घाबरट लोक करतात.

फ्रिज जड असतो, तो जागचा हलत नाही, असा विश्वास बाळगा. 2019 ला आमचाही होता. आमचा फ्रिज तरंगला, हॉलभर फिरून आला आणि पाणी उतरल्यावर मोरीच्या दारात आडवा झोपलेला सापडला. आत लिंबाच्या लोणच्याची बरणी शाबूत होती. ते लोणचं कुणी खाल्लं नाही, पण टाकायचं धाडसही बरेच दिवस कुणाला झालं नाही.

सोयरीक जमवताना मुलाचा पगार नंतर विचारा, आधी त्याच्या घराची उंची विचारा.

पिण्याचं पाणी भरून ठेवायच्या भानगडीत पडू नका. सगळीकडं पाणीच पाणी असताना नळाला कसं येणार नाही? 2019 ला आणि पुन्हा 2021 ला शहराला पाणी देणारी उपसा केंद्रंच बुडाली. अंगणात कमरेएवढं पाणी आणि नळ कोरडा ठाक. टँकर आला की वरच्या पेठांतली माणसंसुद्धा घागरी घेऊन पळायची. त्याच 2019 ला शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि दूध, पेट्रोल, भाजी, सगळ्याला रांगा लागल्या. पण ते तेव्हाचं झालं. दोनदा झालं म्हणून तिसऱ्यांदा होतंय होय?

2019 चा व्हिडिओ यंदाचा म्हणून पाठवत राहा. "धरण फुटलं" हा निरोप शक्यतो रात्री दोननंतर पाठवा.

पाणी उतरल्यावर घर धुऊ नका. हे मात्र मी अगदी मनापासून सांगतोय. आम्ही धुतलं. तीन दिवस खोरं आणि घमेलं घेऊन चिखल उपसला, फिनेल मारलं, भिंती खराट्यानं घासल्या. चौथ्या दिवशी पंचनाम्याला माणूस आला. दारातच थांबून म्हणाला, "इथं पाणी आल्यासारखं दिसत नाही की." मी भिंतीवरची ओल दाखवली. तो म्हणाला, ओल पावसाचीपण असते. मी फुगलेलं दार दाखवलं. तो म्हणाला, दार जुनं आहे. शेवटी आई आतून म्हणाली, "बाळा, गादी पिळून दाखवू का?" तेव्हा कुठं त्यानं पेनाचं टोपण काढलं. तेव्हा चिखल जपून ठेवा. त्यात एखादा मेलेला मासा असेल तर दर्शनी भागात ठेवा. कागदपत्रांची मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स लागतात. झेरॉक्सचं दुकानही पाण्यातच होतं, ही तुमची अडचण झाली.

आणि पाण्यालाही जरा समजावून सांगा, येतंच आहेस तर दोन दिवस थांब. 2019 च्या शासन आदेशात घर दोन दिवसांपेक्षा जास्त काळ बुडालेलं असेल तर कुटुंबाला 10 किलो गहू आणि 10 किलो तांदूळ मोफत, असं लिहिलं होतं. बोंबाबोंब झाली ती गोष्ट वेगळी. म्हणजे दीड दिवसात ओसरलेला पूर हा आमच्या हिशेबी पूर नव्हे, ती घरात शिरलेली ओल.

आता मुख्य मुद्दा. घरात माणसं कमी असतील तर पाणी बघायला येणाऱ्यांसाठी जागा ठेवा. पंचगंगा पात्राबाहेर पडली, नृसिंहवाडीला दक्षिणद्वार झालं, म्हणजे देवळात शिरलेलं पाणी दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं, शिवाजी पुलाला मच्छिंद्री झाली, म्हणजे पुराच्या जुन्या खुणेला पाणी लागलं, की अख्खं कोल्हापूर भजी खाऊन पाणी बघायला निघतं. मीही लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून गेलोय, नाही कशाला म्हणू? पण तेव्हा लोक चालत यायचे. घाटाच्या वरच्या अंगाला उभं राहून हात जोडायचे, कुणी नारळ सोडायचं, आणि घरी जायचे.

आमचा पूर धावत येत नाही. वाडीला ती जिला मिळते ती कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं फुगतं. मग ते आमच्याकडं इंचाइंचानं चढतं आणि त्याहून सावकाश उतरतं. यंदा पाणी आलं त्या रविवारी रात्रभर आम्ही दारात बसून होतो. समोरच्या विजेच्या खांबावर खडूची खूण, दर तासाला बॅटरी मारून बघायचं. उंबऱ्यावर विटा रचलेल्या, त्यांच्या फटीत चिकणमाती, वरून प्लास्टिकचा कागद. सकाळी सातला पाणी थांबलं. विटांच्या वरच्या थराला दोन बोटं कमी. नऊला तेवढंच, दहाला तेवढंच. पाणी स्थिर. बायकोनं पहिल्यांदा चहा टाकला. शाळूचं पोतं तेवढं कॉटवर चढवायचं राहिलं होतं, म्हटलं चहा पिऊन चढवू.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाला पांढरी, उंच गाडी दिसली. गुडघाभर पाण्यात, दोन्ही दिवे लावून, होडीसारखी आली. आत नवराबायको, मागं दोन पोरं, काचेला नाकं लावून. गाडीच्या दोन्ही अंगांनी लाट उठली. मी हात केला, ओरडलो. गाडीतून हात आला. त्याला वाटलं मी स्वागत करतोय.

ती लाट विटांवरून आत आली. वरचा थर घेऊनच आली. रात्रभर ज्या पाण्याला दोन बोटं चढायला जमलं नाही, ते एका दमात हॉल ओलांडून चुलीपर्यंत गेलं. शाळूचं पोतं गेलं. चहाचं पातेलं तेवढं वाचलं. आई कॉटवर पाय वर घेऊन बसली होती. म्हणाली, "रं, एकदम कसं काय वाढलं? दरवाजं उघडलं काय?"

"नाही आई, पावणं आलं."

गाडी बरोबर आमच्या दारासमोर थांबली. काच खाली झाली, मोबाईल बाहेर आला. "काका, जरा आत होता का? फ्रेममध्ये येताय." मी माझ्याच दारातून आत झालो. मग त्यानं गाडी वळवली. गल्ली केवढी, गाडी केवढी! पुढं-मागं, पुढं-मागं, म्हणजे आणखी चार लाटा. पाचव्या वेळेला गाडी घुर्र करून बंद पडली.

इथं मला एक कबूल करायचं आहे. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारला की इंजिन पाणी ओढून घेतं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, हे मला ठाऊक होतं. इंजिनाचं असलं नुकसान साध्या विम्यात सहसा बसत नाही, त्याचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं, हेही ठाऊक होतं. माझ्या भाच्याचं गॅरेज आहे. गाडीवाल्यानं सेल्फ मारला. पुन्हा मारला. पुन्हा मारला. मी विटा गोळा करत राहिलो. बोललो नाही.

शेवटी गल्लीतल्या आम्ही पाच जणांनीच ती गाडी ढकलत वर नेली. मागची पोरं भिजू नयेत म्हणून. वर गेल्यावर त्या गृहस्थानं रुमालानं हात पुसले, नदीकडं एकदा नजर टाकली आणि मला विचारलं, "काका, इकडं प्लॉट काय भावानं जातोय?"

माझ्या तोंडात जे आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण त्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही, ते आता देतो.

भावा, इकडचे प्लॉट फार स्वस्तात जातात, कारण त्यांची किंमत आम्ही भरतो. आमच्या परड्यामागं पाणंद होती, तिच्या पलीकडं खोलगट शेत. पाणी आधी तिथं जायचं, दोन दिवस पसरून बसायचं, मग आमच्याकडं यायचं. दोन वर्षं रात्री अकरानंतर तिथं डंपर येतात. मुरूम येतो, पाडलेल्या घरांचा राडारोडा येतो. आता ते शेत आमच्या छपराच्या निम्म्याला आलंय आणि वर हिरवळ लावून लग्नाचा लॉन झालाय. तिथं पाणी चढत नाही. ते आमच्याकडं येतं. म्हणून आईचा 45 चा आकडा यंदा 43 लाच लागला. ती चुकली नव्हती.

सरकारी पूररेषा दोन: निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नकाशावर दोन्ही आहेत, छान रंगवलेल्या. 2005 झालं. 2019 ला 55 फूट 7 इंच झालं. दोनच वर्षांत, 2021 ला, 56 फूट 3 इंच झालं. बोटं मोडून बघा, कुठली पंचवीस आणि कुठली शंभर. आणि दर वेळी आपण सगळे मिळून कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाला शिव्या घालतो. घाला, त्यांचं त्यांच्यापाशी. पण अलमट्टी लांब कर्नाटकात आहे आणि तो मुरूम माझ्या न्हाणीच्या भिंतीला टेकलाय. तो कर्नाटकातून आलेला नाही. तो टाकणारा आपल्यातला, बघून न बघितल्यासारखं करणारा आपल्यातला, आणि "नदीचा व्ह्यू आहे" म्हणून तिथं पोराच्या लग्नाची तारीख धरणाराही आपल्यातलाच. मीही गेलो होतो तिथं एका लग्नाला, जेवून आलो. लाज वाटते सांगायला.

नाल्यात प्लास्टिक टाकता, आणि नाला उलटा आला की मोबाईल काढता. नाल्याच्या काठानं भिंत पुढं सरकवता, आणि पूर आला की गाडीत बसून हळहळता, "बिचारे लोक!" बिचारे कशाचे? आम्ही इथं तीन पिढ्या राहतोय, पाण्याचं येणंजाणं आम्हाला ठाऊक आहे. त्याला जायला वाट होती तोवर ते यायचं, जायचं. कुणी रडत नव्हतं. तुम्ही त्याची वाट बुजवली, आणि आता आमच्या उंबऱ्यात उभं राहून आम्हालाच बाजूला व्हायला सांगता! दोन बोटं, दोन बोटं राहिली होती फक्त. रात्रभर एका म्हातारीनं त्या खडूच्या खुणेवर डोळे लावले होते आणि तुम्हाला तीस सेकंदांचा व्हिडिओ पाहिजे होता.

त्या व्हिडिओत मी दिसतो म्हणे. पुतण्यानं दाखवला. दारात उभा, हात वर केलेला, खाली लिहिलंय, "संकटातही हसतमुख कोल्हापूरकर". हसत नव्हतो. शिवी देत होतो. आवाज काढून गाणं टाकलंय.

पुन्हा पाणी बघायला यायचं असेल तर जरूर या. गाडी वरच्या चौकात लावा आणि चालत या. पाणी उतरल्यावर या. येताना घमेलं आणा, खोरं आमच्याकडं दोन आहेत.