नंद्याचं डाऊनटाऊन

आमच्या नंद्यानं परवा घरच्या ग्रुपवर फर्मान काढलं. "पेठांचं आता सरळ डाऊनटाऊन करून टाकावं. राहणाऱ्यांनी बाणेरला नाहीतर सिंहगड रोडला जावं, इथे फक्त दुकानं, ऑफिसं आणि मेट्रो." वर मला टोमणा, "तुमच्या डेट्रॉइटला आहे तसं." खाली अकरा अंगठे. त्यातला एक माझ्या सख्ख्या बहिणीचा.

अरे, डेट्रॉइटला आहे तसं म्हणजे कसं, ते तरी विचारायचंस. तू म्हणतोस ते इथे कधीच करून झालंय. राहणारे बाहेर, मध्ये ऑफिसं, आणि गाड्या लावायच्या म्हणून इमारती पाडून पार्किंग लॉट. 1950 साली साडेअठरा लाखांचं हे शहर 2020 च्या जनगणनेत साडेसहा लाखांच्याही खाली आलं. (कारखाने हलले, गोरे लोक उपनगरांत गेले, फ्रीवे झाले, कारणं पुष्कळ आहेत, नंद्याला एवढी लागत नाहीत.) वुडवर्ड या मुख्य रस्त्यावरचं हडसन्स हे मोठं डिपार्टमेंट स्टोअर म्हणजे इथल्या म्हाताऱ्यांची तुळशीबाग आणि लक्ष्मी रोड एकाच छपराखाली. ते 1983 साली बंद पडलं, 1998 साली सुरुंग लावून पाडलं. 2013 मध्ये तर महापालिकेनंच दिवाळखोरी जाहीर केली. मी तेव्हा नोव्हाय या इथल्या उपनगरात नवा होतो. डाऊनटाऊनला जायचं ते मॅच असली तर, आणि मॅच संपली की तडक लॉज फ्रीवे पकडून घर.

आता तिथे रात्री दिवे दिसतात. 2009 पासून रिकामा पडलेला 38 मजली बुक टॉवर 2023 मध्ये उघडला, त्यात आता माणसं राहतात. कॅम्पस मार्शस चौकातली बर्फावर स्केटिंगची रिंक शनिवारी भरतेच, पण दुकान चालतं ते मंगळवारी रात्री आठला चपला घालून दूध घ्यायला खाली उतरणाऱ्यावर. वर बिऱ्हाड, खाली दुकान. एवढीशी गोष्ट परत बसवायला 2015 पासून मोटर सिटी मॅच नावाची योजना छोट्या दुकानदारांना लाख डॉलरपर्यंत रोख अनुदान देते. तुझ्या खिडकीखाली ते फुकट आहे, आणि तू ते उठवायला निघालास!

"आणि भाडी?" नंद्यानं विचारलंच. चढलीत. डाऊनटाऊनमधल्याच कॅपिटल पार्कजवळच्या एका इमारतीतून 2014 च्या सुमारास म्हाताऱ्या भाडेकरूंना जावं लागलं आणि तिथे महागडे फ्लॅट झाले. डाऊनटाऊन ओलांडलं की कित्येक वस्त्यांत अजून रिकामे प्लॉट आहेत. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. वाद चालू असताना कोण लिहितं?

बहिणीचं म्हणणं, पेठेतली दुकानं दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्यांनी मारली. माझ्या मते तळमजल्यानं. वाडा पडतो, वर मजले चढतात, आणि जिथे ओट्यावर दुकानं होती तिथे लोखंडी गेट आणि आत गाड्या. संध्याकाळी त्या गल्लीतून चालताना उजेड कुठून येणार? वाडा पाडूच नका असं नाही माझं. जुन्या भाड्यात मालक कौलं तरी कशी बदलणार, त्यात एकेका वाड्याला वीस वारस. पण रस्त्याकडची दुकानांची ओळ राखता आली असती.

यावर नंद्याची एकच ओळ. "मग तू सही का केलीस?"

केली. नारायण पेठेतला आमचा वाडा गेल्या वर्षी उतरवला. माझ्या हिश्श्याचं कुलमुखत्यारपत्र मी राज्याच्या राजधानीतून, लान्सिंगहून, अपॉस्टिल (परदेशात चालणारा सरकारी शिक्का) करून पाठवलं. फ्लॅटबरोबर पार्किंग हवंच, हा आग्रहही माझाच. वर्षातून तीन आठवडे येतो, गाडी कुठली लावणार होतो कोण जाणे. ओट्यावर बाइंडरकाकांचं दुकान होतं. "त्यांना गाळा नको, पैसे देऊन मोकळे होऊ," असं फोनवर ठरलं. मी म्हटलं, चालेल. चार मिनिटांचा फोन. पार्किंगवर यापेक्षा जास्त बोललो होतो.

महिन्यापूर्वी डाऊनटाऊनमधल्या एका नव्या दुकानातून मी हातानं शिवलेली वही घेतली, चौतीस डॉलरला. मालकीण वरच राहते. मोठ्या हौसेनं तिनं मला शिवण दाखवली, सुताला मेण कसं लावायचं, पुठ्ठ्याच्या पाठीला कापडी पट्टी का. मी म्हटलं, माहितेय. आमच्या ओट्यावर एक काका खळ लावून पुस्तकं रात्रभर दाबाखाली ठेवायचे, सगळ्या बोळात त्या खळीचा वास असायचा. तिचा चेहरा उजळला. आता ती पुढे काय विचारणार हे मला कळलं, आणि मी कार्ड पुढे केलं.

त्या वहीचा फोटो नंद्याला पाठवणार होतो, मुद्दा पटवायला. दोनदा टाइप केलं. दोन्ही वेळा खोडलं.