आवाज कुणाचा!

पॉडकास्टसाठी यूएसबी माईक घ्यायला पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलो आणि डोअरबेल दुरुस्त करून घ्यायला आलेल्या एका काकांनी माझा पार पोपट केला. अजून डोकं ठिकाणावर नाही.

मी दुकानदाराला म्हटलं, डायनॅमिक प्रकारचा माईक दाखवा. दुसरा प्रकार कंडेन्सर, त्याचा पडदा फार हलका. तो पंखा ऐकतो, कुकर ऐकतो, वरच्यांचा मिक्सरही ऐकतो. डायनॅमिकच्या पडद्याला तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं, त्यामुळे तो जड. तोंड जवळ नेल्याशिवाय दाद देत नाही.

"कंडेन्सरच घ्या," काका. त्यांना कुणी विचारलं होतं? "डायनॅमिक म्हणजे मंडळाचा. आरतीचा."

मी कार्डिऑइड, म्हणजे माईक कुठल्या दिशेचं ऐकतो ते, समजावू लागलो. समोरचं घेतो, पाठीमागचं गाळतो.

"आमच्या चेअरमनचं उलटं आहे. समोरचं काही ऐकत नाही, पाठीमागचं बरोब्बर ऐकतो."

दुकानदार खो खो हसला. माझ्या एकाही वाक्याला तो हसला नव्हता. त्याने डिस्प्लेवरचा कंडेन्सर लॅपटॉपला जोडला. काकांनी थेट माईकच्या डोक्यावर तोंड नेलं. "बाजूने बोलायचं असतं," मी म्हणालो. काकांनी माईकला प्रदक्षिणा घातली, घसा खाकरला आणि सुरू झाले: "हॅलो, हॅलो. मंडपासमोरची पांढरी ॲक्टिव्हा कोणाची असेल त्यांनी त्वरित काढून घ्यावी."

काय आवाज! खर्ज, वजन, हुकूम. रस्त्यावरच्या एकाने खरंच मागे वळून पाहिलं. मग माझं रेकॉर्डिंग लावलं. उधारी मागायला आलेला माणूस बोलतो तसा आवाज.

"माईक सेमच आहे साहेब," दुकानदार म्हणाला.

हे बोलायची काही गरज होती?

खरा राग त्या रिव्ह्यूवाल्यांवर आहे. ब्लू कंपनीचा यति हा यूएसबी माईक २००९ मध्ये आला, तेव्हापासून टेबलावर ऐटीत उभा कंडेन्सर म्हणजेच पॉडकास्ट असं लोकांच्या डोक्यात बसलंय. यांच्या खोलीत भिंतींना फोम, दारं बंद, एसी बंद. तिथे कुठलाही माईक गोडच वाजणार. मे महिन्यात, पंखा पाचवर, खाली भंगारवाला, अशी चाचणी एकजण घेईल तर शपथ. आणि वर सल्ला काय, तर कपाटात तोंड घालून बोला.

मी डायनॅमिकच घेतला. काका म्हणाले, "मला पाहुणा म्हणून बोलवा. विषय कुठलाही चालेल."

"बोलवाच," दुकानदार. "व्ह्यूज येतील."

काकांची बेल फुकटात दुरुस्त झाली. मला लांब केबलचे वेगळे पैसे पडले.